भांवरपथऱ्याचे डंख

कुमुद गजभियेला एक वेल हवी होती. तिच्यासाठी ती जीप, दोन माणसं आणि पितळी कुलपाचा एक डबा घेऊन ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी साडेपाचलाच रायपुरातून निघाली.

नवा रायपूरमधल्या एका वनौषधी संस्थेत ती नोकरीला होती. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण डोंगर दिसला की पाय आपोआप वेगात पडणारे. दोन वर्षांपासून तिच्याकडे एकच काम होतं. मधमाशी, गांधीलमाशी, लाल मुंगी डसली तर लोक घरच्या घरी काय करतात, ते लिहून आणायचं. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून ती कांदा, चुना, तुळशीचा रस आणि लोखंडाची किल्ली घासायची युक्ती घेऊन आली. तेलीबांध्याच्या नव्या इमारतींत बर्फ, खायचा सोडा आणि टूथपेस्ट मिळाली. पण म्हाताऱ्या बायका बोलता बोलता एक नाव हमखास घ्यायच्या. जुड़नार! जुड़ म्हणजे थंड, नार म्हणजे वेल. हिचं मूळ उगाळून लावलं की कसलीही आग निवते, असं सगळ्या सांगत. पाहिली मात्र एकीनेही नव्हती.

शेवटी मंदिराजवळ फुलं विकणाऱ्या एका बाईने पत्ता दिला. सिरपूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला महुआटोला नावाचं गाव आहे. तिथे कलावती राहते. तिला विचारा.

जीप चालवत होता लहानू रामटेके. मूळचा गोंदियाकडचा, वयाने कुमुदपेक्षा मोठा, मिशा पिकलेल्या, खांदे अजून बैलासारखे. मागच्या सीटवर संस्थेतला नवा सहायक अनिमेष बसला होता. रायपुरातच वाढलेला बंगाली पोरगा, एकोणतीस वर्षांचा. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

कुमुदने मांडीवरचा डबा उघडून सामान तपासलं. सोडा, चुन्याची डबी, कांदे, हळद, व्हिनेगरची बाटली.

लहानूने तिरक्या नजरेने पाहिलं. "ताई, हे तं भजे तळाचं सामान होय!"

"चावलं ना भाऊ तुमाले काही, तं हेच कामी येईन," कुमुद हसून म्हणाली.

आरंग मागे पडलं. महानदीचा पूल आला. खाली पात्रात पाणी अजून भरपूर होतं आणि त्यावर धुक्याचा पातळ थर तरंगत होता. तेवढ्यात अनिमेष म्हणाला, "मॅडम, पिछले साल मुझे भी ततैया ने काटा था. तेलीबांधा तालाब पे."

कुमुदने लगेच वही काढली. ततैया म्हणजे गांधीलमाशी. "मग? घरी काय केलं?"

"मां ने चूना लगाया. पर पूरे बदन पे चकत्ते आ गए. सांस भी थोड़ी अटकी. फिर डॉक्टर ने सुई लगाई, एक पर्ची भी दी थी. पता नहीं कहां गई."

कुमुदने लिहिलं, 'चुना. उपयोग झाला नाही.' आणि पान उलटलं.

तिचं लक्ष उपायावर होतं. माणसावर नव्हतं. हे तिला पुढे चार तासांनी कळणार होतं, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे कळून फारसा उपयोग नव्हता.

*

महुआटोल्यात कलावती अंगणात उभीच होती. सत्तरीची, काटकुळी, पण ताठ. हातात मुळं खणायची लोखंडी खंती. कुमुदने वाकून नमस्कार केला तेव्हा म्हातारीने तिच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "चल नोनी." नोनी म्हणजे पोरी! बावन्नाव्या वर्षी पोर झाल्याचं कुमुदला भारी वाटलं.

कलावतीला घेऊन जीप पुन्हा निघाली. गाव मागे पडून पाव तास जंगलातला कच्चा रस्ता गेला असेल, की एका नाल्यापाशी लहानूने करकचून ब्रेक मारला. पावसाळ्यात नाल्यावरची पुलिया वाहून गेली होती. सिमेंटचे दोन पाइप पाण्यात आडवे पडले होते.

"गाडी याच्या पुढं नाही जात, ताई."

मग काय, चालत! नाल्यात मांडीपर्यंत पाणी होतं आणि तळाचे दगड साबणासारखे निसरडे. चौघं एकमेकांचे हात धरून पार झाली. पलीकडे साल आणि साजाची झाडं दाटीने उभी होती. उन्हाचे कवडसे पाचोळ्यावर पडले होते, कोळ्यांची जाळी वाट अडवून होती, आणि कुठूनतरी दूरवरून बासरीच्या एकाच सुरासारखी घूं ऐकू येत होती. वाट चढू लागली तशी ती घूं वाढली. आणि झाडी संपली तेव्हा समोर भांवरपथरा, म्हणजे मधमाश्यांचा खडक, उभा राहिला!

काळाकभिन्न कडा. साठ-सत्तर फूट उंच, माथा पुढे झुकलेला. त्या झुकलेल्या कपारीखाली मोहोळं लटकली होती. एक नाही, दोन नाही, अकरा! प्रत्येक मोहोळ सुपाएवढं. आग्या मोहोळं! त्यांच्या अंगावरून मधूनमधून एक झळाळती लाट सरकत जायची, जणू वाऱ्याने काळं रेशीम हलवलं.

कलावतीने ओठांवर बोट ठेवलं. "कलेचुप चलव. ये इंखर पारा आय."

हा त्यांचा मोहल्ला आहे, गुपचूप चला. समजायला दुभाष्या लागला नाही. चौघंही मांजराच्या पावलांनी पुढे सरकली.

जुड़नार कड्याच्या डाव्या अंगाला होती, मोहोळांपासून चांगली दूर. पुरुषभर उंचीवर एक हातभर रुंद कंगोरा होता आणि त्याच्या भेगेत ती वेल पसरली होती. पानं पिवळी पडत आलेली. हीच वेळ मूळ काढायची! कलावती वर चढली. अनिमेषने खालून तिच्या पायांना आधार दिला. खंती भेगेत शिरली. खट, खट, खट. माती सुटली. अंगठ्याएवढं पांढरं मूळ बाहेर आलं आणि कलावतीने ते पदरात बांधलं.

कुमुदचा श्वास मोकळा झाला. तिने एक फांदी पानांसकट कागदात दाबायला घेतली. दोन वर्षांचं काम, आणि किती सहज झालं!

तेवढ्यात आकाशातून एक सावली सपकन खाली आली.

मोहोळघार! पंख मिटून तो पक्षी दगडासारखा कोसळला, पंजांनी मधल्या मोहोळाचा लचका तोडला आणि पोळ्याचा तुकडा घेऊन झाडांवरून निघून गेला. पोळ्याचा उरलेला अर्धा भाग खाली खडकावर आपटला.

क्षणभर सगळं शांत.

मग कडा गरजला!

"भाग! मुंह तोप!" पळा, तोंड झाका, असं ओरडत कलावतीने कंगोऱ्यावरून उडीच मारली.

चौघंही धावत सुटली. मागे काळा ढग! पहिला डंख कुमुदच्या मानेवर बसला, विस्तव ठेवल्यासारखा. दुसरा कानावर. तिसरा, चौथा. तिने ओढणी तोंडावर ओढली आणि पुढचं दिसेनासं झालं. पाय एका मुळात अडकला. ती धाडकन पडली!

"मॅडम!"

अनिमेष पुढे गेला होता. तो परत फिरला. ज्या ढगातून पळायचं, त्याच ढगात! त्याने तिला दंडाला धरून उठवलं, स्वतःचा सदरा ओरबाडून काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि तिला ढकलत, ओढत नेलं. त्याच्या उघड्या पाठीवर माश्या बसत होत्या. तो हाताने झटकायला लागला.

"झन मार! एको ठन झन मार!" कलावती पुढून ओरडत होती. एकही मारू नका! मेलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी पिसाळतात.

समोर घाणेरीचं दाट रान होतं. कलावती त्यात सशासारखी शिरली. मागोमाग लहानू, मग अनिमेष आणि कुमुद. काट्यांनी हात फाटले. कोणाला पर्वा होती! चौघं जमिनीला नाक लावून पडली. लहानूने सोबत आणलेली सतरंजी सगळ्यांवर ओढली. वर घूं, घूं, घूं. कुमुदला स्वतःच्या काळजाचे ठोके मातीत ऐकू येत होते.

पाच मिनिटं गेली असतील, की दहा? हळूहळू आवाज विरला. ढग कड्याकडे परत गेला.

"वाचलो!" लहानू कुजबुजला. "वाचलो ना बाप्पा!"

चौघं झाडीतून पलीकडच्या उतारावर सरपटत बाहेर आली. लहानूची एक भुवई सुजून डोळ्यावर उतरली होती. कलावतीच्या हातांवर पाच-सहा डंख होते, आणि ती अंगठ्याच्या नखाने काटे खरवडून टाकत होती, तांदळातले खडे वेचावेत इतक्या शांतपणे. "चिमटीत नाही धरायचं," असं खुणेने दाखवत तिने कुमुदच्या मानेवरचेही काढले.

कुमुदने पाठपिशवीतून डबा काढून उघडला. "अनिमेष, इकडं ये. पाठ दाखव."

तो आला नाही. तो एका दगडाला टेकून बसला होता. छातीवर लाल गांध्या उठल्या होत्या, जिथे एकही माशी डसली नव्हती तिथेही. ओठ जाड झाले होते.

"मॅडम, गले में कुछ..." आवाज घोगरा, ओळखू न येणारा. मग तो वाकला आणि भडाभडा ओकला.

पूरे बदन पे चकत्ते. सांस भी थोड़ी अटकी. सकाळची ती वाक्यं कुमुदच्या डोक्यात घणासारखी पडली. त्याने सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं! आणि मी पान उलटलं!

तिने पाण्यात सोडा कालवला, त्याच्या पाठीला फासला. कांदा दातांनी फोडला आणि चोळला. "होईन बरं, आता होईन, थांब..."

एका सुरकुतलेल्या हाताने तिचं मनगट धरलं.

"रहन दे, नोनी." कलावती अनिमेषच्या तोंडाकडे रोखून पाहत होती. "डंक के दुख अलग, ये अलग. ये मोर दवई के काम नइ ए. येला सूजी लगही. तुरते!"

हे माझ्या औषधाचं काम नाही. याला इंजेक्शनच हवं, आणि तेही आत्ताच. जिच्या औषधासाठी ही सगळी मोहीम निघाली होती, तीच बाई हे म्हणत होती! कुमुदने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हातातला कांदा टाकून दिला.

"लहानूभाऊ, गाडी किती दूर?"

"दोन किलोमीटर होईन. मी एकटा उचलतो त्याले!"

"नाही. त्याले उभं नाही करायचं, चालवायचं तं बिलकुल नाही. झोपवून न्या लागन."

प्रथमोपचाराच्या वर्गात कधीतरी ऐकलेलं तेवढंच तिला आठवलं. लहानूने कमरेचा कोयता काढला. सपासप! दोन बांबू तोडले. सतरंजीच्या कडा त्यांच्यावर गुंडाळून ओढणीने आणि दोरीने आवळल्या. अनिमेषला वर ठेवलं, बूट काढले, पायांखाली पाठपिशवी दिली. पुढे लहानू, मागे कुमुद आणि कलावती. म्हातारीने बांबू धरायच्या आधी पदराची गाठ सोडली. पांढरं मूळ पाचोळ्यात पडलं. वनस्पती दाबायच्या फळ्या, खंती, डबा, सगळं तिथेच राहिलं. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही.

उतार! घसरडा, मुरमाचा. कुमुदचे गुडघे प्रत्येक पावलाला किंचाळत होते. एकोणीस डंख होते तिच्या अंगावर, पण त्या वेळी तिला एकही जाणवत नव्हता. तिला फक्त एक आवाज ऐकू येत होता. अनिमेषच्या घशातली शीळ. आत जाताना बारीक, बाहेर येताना त्याहून बारीक.

"अनिमेष, बोल माझ्याशी!"

"सांस..."

"जड जाते का?"

त्याने मान हलवली. मग डोली खाली टेकवून लहानूने त्याची पाठ थोडी उंच केली, स्वतःचा पगडीसारखा बांधलेला गमछा गुंडाळून त्याचा तक्क्या दिला. शीळ किंचित सैल झाली. पुन्हा उचला! चला!

एका टेकाडावर कुमुदच्या खिशातला फोन अचानक टिंगटिंगला. रेंज! तिने बांबू खांद्यावर पेलून एका हाताने नंबर लावला. रस्त्यावरच्या आरोग्य केंद्राचा नंबर सकाळीच सवयीने लिहून घेतला होता. पलीकडून बाईचा आवाज आला.

"हां, बोलिए. मैं सिस्टर चेतना."

"आग्या मोहोळ... भंवर माछी ने काटा है, बहुत जगह. होंठ सूज गए, सांस अटक रही है. हम आधे घंटे में पहुंचते हैं."

"सीधा अंदर लाइए, दीदी. इंजेक्शन भर के रखती हूं. बैठाना-चलाना मत. एक सौ आठ को मैं बोलती हूं."

एवढंच. पण त्या 'भर के रखती हूं'ने कुमुदच्या पायांत बळ आलं.

आता नाला! सकाळी हात धरून ओलांडलेला तोच नाला, आणि आता मध्ये एक माणूस आडवा. लहानूने पाण्यात पाय टाकला आणि बांबू डोक्यावर घेतले. कुमुदने मागून तसंच केलं. कलावती खालच्या अंगाला उभी राहिली, खांद्याने डोलीला रेटा देत. मधोमध कुमुदचा पाय सरकला! डोली कलली. अनिमेषचा हात पाण्यात लोंबला.

"धरून ठेवा, ताई!" लहानू गरजला. "सोडू नका!"

तिने सोडलं नाही. दात ओठांत रुतले, रक्त आलं, पण बांबू सुटला नाही. एक पाऊल. आणखी एक. वाळू लागली. पार!

जीपच्या मागच्या भागात त्याला ठेवलं आणि लहानूने गाडी अशी पिटाळली, की खड्डे मोजायला वेळच उरला नाही. कुमुद अनिमेषचं डोकं धरून बसली होती. त्याचे डोळे आता फटीएवढे झाले होते. नखं निळसर दिसत होती. शीळ थांबत होती, पुन्हा येत होती.

"तुझ्या आईचं नाव काय रे?" तिने विचारलं. तो जागा राहावा म्हणून. काहीतरी बोलावा म्हणून.

ओठ हलले. "पद्मिनी..."

"पद्मिनी. छान आहे नाव. तिले मी सांगन, तुमचा पोरगा मले उचलाले परत आला. समजलं? मलेच सांगा लागन, अन् तू बाजूले उभा राहशीन!"

आरोग्य केंद्राच्या फाटकातच एक गोरीपान परिचारिका आणि तरुण डॉक्टर उभे होते. स्ट्रेचर तयार! चेतनाने पँटवरूनच मांडीत सुई खुपसली. घड्याळ पाहिलं. ऑक्सिजनचा मुखवटा चढवला. हाताला सलाइन लागलं. कुमुद दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कोणी तिला बाहेर जा म्हटलं नाही.

एक मिनिट. दोन. तीन. शीळ तशीच.

डॉक्टरने पाचव्या मिनिटाला दुसरी सुई मागितली.

आणि मग, जसा चुलीवरचा फसफसणारा हंडा जाळ काढल्यावर खाली बसतो, तसा तो आवाज हळूहळू बसत गेला. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली, आणि या वेळी पूर्ण. अनिमेषने खोल श्वास घेतला, खोकला, आणि एकदम मोठ्याने खाकरला. कुमुदला वाटलं, इतका सुंदर आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

"आ गया," डॉक्टर घाम पुसत म्हणाला. "अब ठीक है. पर रायपुर भेजेंगे, एक रात देखना पड़ेगा. कभी-कभी ये दोबारा पलटता है."

कुमुद ओसरीत आली, पायरीवर बसली, आणि हमसून हमसून रडली. आणि रडताना तिला पहिल्यांदा दुखलं! मान, कान, पाठ, हात, सगळं एकदम पेटलं. एकोणीस निखारे! "आई गं!" ती ओरडली.

लहानू दचकला. "काय झालं आता?"

"चावल्या ना भाऊ मले! आता कळून राहिलं!"

लहानू हसू लागला. सुजलेल्या भुवईखाली त्याचा डोळा पूर्ण मिटला आणि तो कण्हत कण्हत हसला. चेतना लशींच्या पेटीतली बर्फाची पाकिटं फडक्यात गुंडाळून घेऊन आली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं. कुमुदने ते मानेला लावलं. अहाहा! थंडी हाडापर्यंत गेली. कलावतीने उरलेले काटे शोधून खरवडले, साबणाने धुतले आणि केंद्राच्या स्वयंपाकघरातून एक कांदा मागून त्याची चकती कुमुदच्या कानावर धरली.

"दाई, घरी मधमाशी डसली तर तुम्ही काय लावता? जुड़नार?" आईला तिकडे दाई म्हणतात, तशी हाक मारून कुमुदने विचारलं.

कलावती थोडी लाजली. मग म्हणाली, की काटा काढायचा आणि ओलं फडकं ठेवायचं. कांदा असला तर कांदा. आग दोन घटकांत जाते. जुड़नारही तेवढाच वेळ घेते. नार इतकी लांब, इतक्या उंच. रोज कोण जाणार? शहराची माणसं विचारतात तेव्हा बाया तिचं नाव सांगतात.

लहानूने बर्फाचं पाकीट डोळ्यावरून बाजूला केलं. "म्हणजे आपण इतक्या दूर, त्या कड्यावर, गार पाण्यासाठी गेल्तो?"

"हव," कलावती म्हणाली.

आता तिघंही हसत होती. सुजलेले गाल हलवताना जीव जात होता, तरी थांबवत नव्हतं.

जरा वेळाने लहानू गंभीर झाला. "ताई, तुमचं सामान, ते मूळ... पुढच्या हप्त्यात मी आणून देऊ? माश्या निजल्या असतीन तेव्हा?"

कुमुदने मान हलवली. "नको भाऊ. राहू द्या ते तिथंच. तो पारा त्यायचा होय."

कलावती मात्र उठून आत गेली होती. खिडकीतून कुमुदने पाहिलं. म्हातारी चेतनाला विचारत होती, की ती सुई कशी असते, कुठे ठेवता, किती वेळात द्यावी लागते. चेतना रिकामी कुपी हातात धरून तिला एकेक गोष्ट समजावत होती. ओठ सुजले, आवाज बसला, डसलं नाही तिथे गांध्या आल्या, उलटी झाली, की घरी वेळ घालवायचा नाही. कलावती प्रत्येक खुणेला एकेक बोट मिटत होती. मग तिने सगळी बोटं मिटलेली मूठ वर केली आणि म्हणाली, "अब मैं गांव भर ला बताहूं."

चार वाजता एकशे आठची गाडी आली. उन्ह अजून पिवळं, स्वच्छ होतं. अनिमेषला गाडीत चढवलं तेव्हा त्याचा चेहरा पुरीसारखा फुगला होता, पण एक डोळा उघडा होता. कुमुद शेजारी बसली. त्याच्या फोनवरून आईचा नंबर लागला आणि पलीकडून घाबरलेला आवाज आला, "अनिमेष?"

"मी कुमुद बोलते, पद्मिनीताई. तुमचा मुलगा बरा आहे. एकदम बरा आहे. आज त्याने..." तिला सांगायचं होतं की चूक माझी होती, त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. ते ती सांगणार होती, समोर बसून, आजच. तिने फोन त्याच्या कानाला लावला.

अनिमेषने मुखवटा थोडा खाली केला. घोगरा, जाडाभरडा, पण त्याचाच आवाज.

"मां," तो म्हणाला, "भूख लगी है. मछली बनाना."